जागल्याच्या मदत केंद्रातून

‘नमस्कार, जागल्या मदत केंद्र, बोला.’

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की अजूनही घरचा फोन वाजला की तोंडातून तेच येऊ पाहतं. माझ्या सुनेच्या आईला एकदा मी हेच म्हटलं होतं. बिचाऱ्यांनी रॉंग नंबर समजून फोन ठेवला.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत फोन उचलायचं काम केलं. कागदावर माझं पद ‘ग्राहक सेवा प्रमुख’ असं होतं, पण माझ्या हाताखाली कोणीच नव्हतं, त्यामुळे प्रमुख आणि शिपाई दोन्ही मीच. कंपनी आता नाही. ती कशी चालली यापेक्षा ती कशी बंद पडली हे लिहावं असं मला फार दिवस वाटत होतं. बंद पडलेल्या कंपनीबद्दल लोक दोनच प्रकारे बोलतात. एक तर मालक बुडवा होता म्हणतात, नाही तर माल वाईट होता म्हणतात. आमच्या बाबतीत दोन्ही खरं नव्हतं.

आधी काम काय होतं ते सांगते. शेतात विहिरीवर किंवा बोअरवर मोटर असते आणि ती चालू-बंद करायला भिंतीला एक पेटी असते, तिला स्टार्टर म्हणतात. शेतीची वीज पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणसाने उठायचं, बॅटरी घ्यायची, विंचूकाट्यातून चालत जायचं आणि बटण दाबायचं. आणि तिथे पोचेपर्यंत वीज गेलेली असू शकते. आमच्या कंपनीने जी पेटी बनवली होती ती त्या स्टार्टरला जोडायची. शेतकऱ्याने घरून फोन केला की मोटर चालू व्हायची. वीज आली की पेटी कळवायची. विहिरीतलं पाणी उतरलं, किंवा विजेच्या तीन तारांपैकी एखादी मेली, तर मोटर जळण्याआधी पेटी ती स्वतःच बंद करायची. माणसाऐवजी शेतात जागी राहणारी म्हणून तिचं नाव ‘जागल्या’.

ही पेटी प्रशांत सरांच्या डोक्यातून निघालेली. ते वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण ऑफिसात मी त्यांना सरच म्हणायची आणि ते मला ताई. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा, पुण्याला इंजिनिअर झाला, चांगल्या नोकरीला लागला आणि ती सोडून परत आला. त्यांचे वडील अंधारात मोटर चालू करायला गेले असताना विहिरीच्या काठावर पडून कायमचे लंगडे झाले होते. हे सरांनी मला कधी सांगितलं नाही. वडील एकदा ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना चालताना पाहिलं आणि मग हळूच विचारलं.

माझी निवड माझ्या शिक्षणामुळे झाली नाही, भाषेमुळे झाली. मी वाढले दीपनगरला, वडील वीज केंद्रात होते. आमच्या वसाहतीत दिवे जायचेच नाहीत, त्यामुळे पाळीची वीज म्हणजे काय हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. पण आई साक्रीकडची, ती आमच्याशी अहिराणीच बोलायची. मुलाखतीत प्रशांत सरांनी मला एकच काम दिलं. समोरचा फोन उचलायचा आणि पलीकडचा माणूस रागावलेला आहे असं समजून बोलायचं. पलीकडे शेजारच्या खोलीत ते स्वतःच होते आणि अहिराणीत भांडत होते. मी त्यांना शांत केलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर.

पेटीची खुबी अशी होती की ती बोलायची. शेतकऱ्याचा फोन आधी आमच्या ऑफिसातल्या संगणकाकडे यायचा, संगणक पेटीला हुकूम द्यायचा, पेटी काय घडलं ते संगणकाला सांगायची आणि मग शेतकऱ्याला आवाज ऐकू यायचा. ‘मोटर चालू व्हयनी.’ ‘विहिरमा पानी कमी शे, मोटर बंद करी दिन्ही.’ हा आवाज माझा. ऑफिसच्या स्टोअर रूममध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये बसून, पंखा बंद करून आम्ही तो भरला होता.

त्याचा एक परिणाम आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला नव्हता. शिंदखेड्याकडचे एक आबा होते, कानाने थोडे कमी. ते मदत केंद्राला फोन करायचे आणि माझा आवाज ओळखून म्हणायचे, ‘बाई, तू मशीनमा बठेल शे का?’ मी समजावलं की आबा, मी जळगावला आहे, तो आवाज आधी भरून ठेवला आहे. त्यांना पटायचं नाही. एके दिवशी त्यांनी विचारलं, ‘तठे तुले एकटीले भेव नही लागत का? सूनना हाते भाकर धाडू का?’ त्यांची सून मागून हसत होती ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, ‘आबा, जेवण झालं माझं.’ तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

असे लोक होते म्हणून मला वाटायचं की ही कंपनी पडूच शकत नाही. लोक वापरत होते, वापरणारे खूश होते. ज्यांच्याकडे पेटी होती त्यातल्या फार थोड्यांनी ती काढली. अडचण नवीन लोक मिळण्याची होती.

बाजारात आमच्यासमोर एक मोठी कंपनी होती. तिचं नाव लिहीत नाही, खानदेशातल्या कोणालाही ते माहीत आहे. खेड्यात लोक स्टार्टरला स्टार्टर म्हणतच नाहीत, त्या कंपनीचंच नाव घेतात. आजोबांच्या वेळेपासून त्यांचीच पेटी भिंतीवर. आमचा जागल्या बाजारात आल्यावर काही काळाने त्यांनीही फोनवर चालणारी पेटी काढली. ती पाण्याचं काही सांगत नव्हती. बोलत तर नव्हतीच. फोन केला की चालू, फोन केला की बंद. प्रशांत सरांनी एक विकत आणून टेबलावर उघडली आणि आमचा टेक्निशियन इरफान म्हणाला, ‘सर, यात तर काहीच नाही.’ त्या दिवशी आम्ही खुशीत होतो. सरांनी सगळ्यांना जिलबी आणली होती.

ती पेटी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त विकली गेली.

का, ते मला पहिल्यांदा नेटवर्कच्या वेळी कळलं. पेट्यांमध्ये मोबाइलचं सिमकार्ड असतं. एका उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बऱ्याच टॉवरवरचं जुनं नेटवर्क काढून नवीन टाकलं गेलं आणि जुन्या नेटवर्कवर चालणाऱ्या पेट्या बहिऱ्या झाल्या. केळीला पाणी लागण्याचे दिवस. सकाळी मी ऑफिसचं कुलूप उघडत होते तेव्हाच आत फोन वाजत होता, तो पुढचे कित्येक दिवस वाजत राहिला. लोक ओरडत नव्हते, हे मला जास्त लागलं. रावेरकडचा एक तरुण म्हणाला, ‘ताई, तुम्ही तरी काय करणार, पण माझी बाग वाळते आहे.’

आमच्याकडे इरफान आणि आणखी एक मुलगा, दोघांकडे दोन मोटरसायकली. रावेरपासून साक्रीपर्यंतचा पट्टा. प्रत्येक पेटी उघडून आतला भाग बदलायचा. मी नकाशा समोर ठेवून त्यांना गावांची रांग लावून द्यायची आणि रस्त्यातल्या लोकांना फोन करून सांगायची की आज नाही, उद्या नक्की. प्रशांत सर स्वतः गाडी घेऊन निघाले. त्यांच्या मिसेसही सुट्टी घेऊन ऑफिसात बसून भाग जोडत होत्या.

मोठ्या कंपनीच्या पेट्याही बहिऱ्या झाल्या होत्या. बिघाड दोघांचा अगदी सारखाच होता. पण त्यांचा माल प्रत्येक तालुक्याच्या गावी दुकानात होता. शेतकरी जुनी पेटी पिशवीत घालून दुकानात गेला, दुकानदाराने नवी दिली, गावातल्याच मेकॅनिकने बसवून दिली. आमचे लोक वाट पाहत होते आणि शेजारच्या बांधावर पाणी वाहत होतं. ज्यांच्याकडे आम्ही वेळेत पोचू शकलो नाही, त्यातले बरेच आम्हाला पुन्हा फोन करेनासे झाले. रावेरच्या त्या तरुणाकडे इरफान पोचला तेव्हा भिंतीवर दुसरी पेटी होती. त्याने इरफानला चहा पाजला आणि आमची पेटी नीट पुसून परत दिली.

त्यानंतर प्रशांत सरांनी ठरवलं की आपण मेकॅनिकांना गाठू. मोटर जळली की तिच्यात नवी तार भरून देणारे जे कारागीर असतात, त्यांचा शब्द गावात चालतो. शेतकरी पेटी घेताना जाहिरात बघत नाही, त्यांना विचारतो. सोनगीरला असे एक नाना होते. हायवेच्या बाजूला टपरीवजा दुकान, बाहेर जळलेल्या मोटरींची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं. आसपासच्या गावांत त्यांच्या सल्ल्याशिवाय कोणी मोटरीला हात लावत नाही, असं आम्हाला दुकानदारांनी सांगितलं होतं. सर म्हणाले, ‘ताई, तुम्ही चला. तुमची अहिराणी माझ्यापेक्षा गोड आहे.’

नानांनी आमचं स्वागत चांगलं केलं. खुर्च्या पुसून दिल्या. सरांनी पेटी उघडून दाखवली, ती कशी मोटर वाचवते ते सांगितलं. नाना सगळं ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते. शेवटी म्हणाले, ‘प्रशांतभाऊ, पेटी चांगली शे. त्यांन्यापेक्षा चांगली शे.’

सरांचा चेहरा उजळला. ‘मग नाना, लोकांना सांगाल ना?’

‘नही.’

ते रागाने म्हणाले नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवून आमच्याकडे वळले आणि समजावून सांगू लागले. ‘दखा, मी सांगं म्हणीसन एखादाने तुम्हनी पेटी लिधी. दोन वरीसमा ती बिघडनी. तो काय जळगावले येस का? मन्हा दुकानमा येस. त्या वक्तले तुम्ही शेतस की नहीत, मी काय सांगू?’

‘आम्ही कुठे जाणार, नाना?’ सर म्हणाले.

‘तुम्ही जाशात असं मी म्हणत नही, भाऊ. पन त्या कंपनीना बापजादा मन्हा बापनी दखेल शेतस. तुमले मी कालदिन दखं.’

 परतताना गाडीत सर एकदम म्हणाले, ‘यावर काय उत्तर आहे, ताई? पेटीत काही कमी असेल तर मी ते करीन. पण आम्ही नवीन आहोत, याला काय करू?’  मी म्हटलं, ‘जुने व्हायला लागेल, सर.’ ते हसले. पण जुनं होईपर्यंत टिकायला लोकांनी विश्वास ठेवायला हवा, आणि तुम्ही जुने झाल्याशिवाय लोक विश्वास ठेवणार नाहीत. त्यात आम्ही अडकलो होतो. हे मला नंतर, घरी बसल्यावर कळलं. तेव्हा मी फक्त खिडकीतून बाहेर बघत होते.

पुढचा काळ मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही आणि तेच वाईट होतं. फोन कमी झाले. पूर्वी मला पाणी प्यायला उठता येत नसे, आता मी स्वेटर विणायला आणू लागले. प्रशांत सर पेटीत नवनवीन सुधारणा करत राहिले. मला वाटतं, तो त्यांचा दिलासा होता. लोकांच्या मनात जे बदलता येत नव्हतं, त्याऐवजी ते पेटीतलं बदलत होते.

मग एके दिवशी मोठ्या कंपनीचे एरिया मॅनेजर आमच्या ऑफिसात आले. मी त्यांच्याबद्दल मनात राग धरून बसले होते, पण माणूस सभ्य निघाला. आमच्याकडे डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी होती, ते आमच्यासोबत जेवले. त्यांनी सांगितलं की त्यांची कंपनी जागल्याचे ग्राहक घ्यायला तयार आहे, प्रशांत सरांना पुण्याला चांगली जागा आहे. आमचा संगणक एका ठरल्या दिवशी बंद करायचा आणि आमच्या शेतकऱ्यांना त्यांच्या पेट्या सवलतीत द्यायच्या.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. पेट्यांची चोरी होऊ नये म्हणून सरांनी त्यात एक सोय केली होती. पेटीचा आमच्या संगणकाशी काही दिवस संबंध आला नाही, तर ती स्वतःला कुलूप लावून घ्यायची आणि मोटर चालू होऊ द्यायची नाही. चोराला पेटी निरुपयोगी व्हावी म्हणून ही युक्ती, आणि ती लागूही पडली होती; नेटवर्क गेलं त्या उन्हाळ्यात मात्र तिच्यामुळेच हाताने बटण दाबूनही मोटरी चालेनात. पण आता तिचा अर्थ असा झाला की आमचा संगणक बंद पडला की शिवारातल्या सगळ्या जागल्यांच्या मोटरी बंद पडणार.

‘ज्याला तुमची पेटी घ्यायची नसेल, त्याचं काय?’ सरांनी विचारलं.

‘त्याने जुना स्टार्टर परत जोडून घ्यावा,’ साहेब म्हणाले. मग म्हणाले, ‘मला कळतंय तुम्ही काय विचारताय. पण माझ्या कंपनीला चालू पेट्यांमध्ये रस नाही. त्या बंद पडल्या तरच आमच्या विकल्या जातील.’

‘मी आधी सगळ्या पेट्या मोकळ्या करतो,’ सर म्हणाले. ‘संगणकाशिवाय चालतील अशा. मग या.’

‘मग आम्ही घ्यायचं काय?’

‘तेही खरं आहे.’

साहेबांनी हात धुतले, रुमालाने पुसले आणि म्हणाले, ‘प्रशांतराव, मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण आज मी आलो होतो आणि तुम्ही विचार करतो म्हणालात, एवढंच मी वर सांगतो. पेट्या मोकळ्या करायला तुम्हाला थोडा वेळ मिळेल.’ जाताना त्यांनी मला भरीत छान होतं असं सांगितलं. त्यांना तो सौदा करता आला असता तर बढती मिळाली असती, हे मला इरफानकडून कळलं.

त्या संध्याकाळी सरांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि हा सौदा करायचा नाही, पण पैसेही आता पुरणार नाहीत, म्हणून कंपनी बंद करतोय असं सांगितलं. रडारड झाली नाही. इरफानने विचारलं, ‘पेट्या मोकळ्या करायला किती माणसं लागतील?’ आणि आम्ही लगेच त्याच्या तयारीला लागलो. काम मिळाल्यासारखं झालं सगळ्यांना.

प्रत्येक पेटीजवळ जाऊन तिच्यात नवा प्रोग्रॅम भरायचा होता. त्यानंतर शेतकऱ्याचा फोन थेट पेटीकडे जाणार, चालू आणि बंद होणार, मोटरही सांभाळली जाणार. पण बोलणं बंद. बोलायचं काम संगणकाचं होतं. म्हणजे आमच्या पेट्या टिकवण्यासाठी आम्ही त्यांना जवळजवळ त्या दुसऱ्या कंपनीच्या पेट्यांसारखं करून टाकलं. हे सरांनी एकदा बोलून दाखवलं आणि मग विषय बदलला.

माझ्या संगणकाच्या पडद्यावर खानदेशचा नकाशा होता आणि प्रत्येक चालू पेटीचा एक हिरवा ठिपका. पेटी मोकळी झाली की तिचा ठिपका जायचा. मी रोज फोन करून गावं ठरवायची, इरफान आणि सर निघायचे, आणि दुपारपासून ठिपके मावळायला लागायचे. यावल साफ झालं, चोपडा झालं, मग अमळनेर, शिरपूर, साक्रीकडचा डोंगराचा भाग. मला वाटलं होतं की वाईट वाटेल. पण ठिपका गेला की एका घरची काळजी मिटली असं वाटायचं. लोकही चांगले वागले. मी फोन करून सांगितलं की कंपनी बंद होते आहे, पण तुमची पेटी बंद पडणार नाही, तर बहुतेकांना पहिली गोष्ट ऐकूच यायची नाही, दुसऱ्या गोष्टीवरच ते ‘बरं’ म्हणायचे. साक्रीकडे एका घरी इरफानला मक्याची कणसं आणि मोहाच्या फुलांची पिशवी दिली. ती पिशवी ऑफिसात कित्येक दिवस वास मारत होती.

शेवटी एक ठिपका उरला. नोंदणीत पेटी साक्रीकडच्या एका माणसाच्या नावावर होती, पण तो जमीन विकून सुरतेला गेला होता आणि त्याचा नंबर बंद होता. ठिपका मात्र रोज जिवंत. पेटीवर हाताने दाबायचं बटणही असायचं, रोज सकाळी कोणीतरी ते दाबून मोटर चालवत होतं. ज्या टॉवरवरून ती पेटी बोलत होती तो सोनगीरचा.

‘एका पेटीसाठी संगणक चालू ठेवायचा का?’ इरफान म्हणाला.

‘एका विहिरीवर एक घर असतं,’ सर म्हणाले. ‘शोधू.’

या वेळी मीही गेले. इतकी वर्षं शेतातल्या पेट्यांचे मी फक्त ठिपके पाहिले होते. सोनगीरला हायवे सोडून किल्ल्याच्या मागच्या बाजूला गेलो, विचारत विचारत. इरफानच्या हातात सिग्नल मोजायचं यंत्र होतं, ते एका कांद्याच्या शेताजवळ जोरात बोलू लागलं. विहिरीला लागून एक खोली, तिच्या भिंतीवर आमची पेटी. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलेलं, आणि तारा अशा नीट बांधलेल्या की इरफान बघतच राहिला.

खोलीच्या मागून नाना आले. सोनगीरचे मोटरवाले नाना.

त्यांना आमचं येणं अपेक्षित नव्हतं. क्षणभर ते पंच्याला हात पुसत उभे राहिले. मग त्यांनी खाट पुढे ओढली. सुरतेला गेलेल्या माणसाची मोटर त्यांच्याकडे भरायला आली होती, ती त्यांनीच विकत घेतली, आणि पेटी तिच्याबरोबर आली. लावली, चालली, ठेवली.

सरांनी विचारलं, ‘कशी आहे?’

‘दोनदा मोटर वाचाडी तिन्ही,’ नाना म्हणाले. ‘मी सांगं होतं ना, चांगली शे.’

‘मग नाना, लोकांना...’ सर थांबले. पुढचं बोलायची गरज नव्हती.

नानांनी मात्र उत्तर दिलं. ‘मन्हा शेतमा बिघडनी तर मी उघाडीसन दखसू, जमनं नही तर फेकी दिसू. लोकेसना शेतमा मी असं नही करू शकत, भाऊ.’

मला वाटलं सर चिडतील. मला स्वतःला आतून काहीतरी लागलं होतं. पण सर खाटेवर बसले आणि हसायला लागले. मनापासून, कित्येक महिन्यांनी. नानाही हसले, जरा ओशाळून. इरफानने पेटीत नवा प्रोग्रॅम भरला. नानांच्या घरून चहा आला, तो आम्ही विहिरीच्या काठावर बसून प्यायलो. निघताना नाना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तू वाईट मानू नको.’ सर म्हणाले, ‘नाही नाना, मी पण तुमच्यासारखंच केलं असतं.’ मला ते खरं वाटलं नाही. पण त्यांनी म्हटलं ते बरं केलं.

ऑफिसला परत आल्यावर माझ्या पडद्यावर नुसता नकाशा होता. तापी, गिरणा, पांझरा, आणि गावांची नावं. सरांनी संगणक बंद केला. मी माझ्या खुर्चीवरची उशी घेतली आणि घरी जायला भुसावळची गाडी पकडली.

प्रशांत सर आता नाशिकला एका कंपनीत नोकरीला आहेत. त्यांच्या हाताखाली बरीच माणसं आहेत आणि ते सुखी आहेत असं त्यांच्या मिसेस सांगतात. वडिलांनाही त्यांनी तिकडेच नेलं. इरफानने धुळ्याला दुकान टाकलं, त्यात तो त्या मोठ्या कंपनीच्या पेट्या विकतो, आणि चांगल्या विकतो. एरिया मॅनेजरांना बढती मिळाली की नाही ते मला माहीत नाही. मिळाली असावी अशी माझी इच्छा आहे.

कंपनीचा मदत केंद्राचा नंबर बंद होणार होता तेव्हा काही लोकांनी विचारलं की आता अडचण आली तर कोणाला फोन करायचा. मी त्यांना माझा घरचा नंबर दिला होता. सुरुवातीला आठवड्यातून एखाददुसरा फोन यायचा, आता क्वचित येतो. परवा दुपारी आला. मी मेथी निवडत होते. साक्रीकडच्या एक अक्का, नवरा नाही, शेती स्वतः बघतात. त्यांची पेटी पावसात भिजून कायमची बंद पडली होती. इरफानला दाखवली, तोही म्हणाला आता नाही होणार. त्यांची तक्रार काहीच नव्हती, पेटीने पुष्कळ दिवस काम दिलं असं त्या म्हणाल्या. त्यांना फक्त विचारायचं होतं.

‘ताई, आते कोनती लेऊ, सांग.’

 नवीन दोन-तीन पेट्या बाजारात आल्या आहेत हे मला माहीत आहे. पुण्याच्या काही पोरांनी एक काढली आहे, इरफान तिचं फार कौतुक करतो. ती पाण्याचं सांगते, विजेचं सांगते, खताचंही सांगते म्हणे. मी ती पाहिलेली नाही, पण ती पोरं कशी बसली असतील, कशी जिलबी आणली असेल, ते मला न पाहता माहीत आहे.

मी अक्कांना मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं.

‘ती चांगली शे का?’ त्यांनी विचारलं.

‘बरी आहे,’ मी म्हटलं. ‘पण अक्का, साक्रीत दुकान आहे त्यांचं.’